अभयारण्यांच्या मधला मुलूख

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला निघाले की कर्नाळ्याचा सुळका मागे पडतो. पेण, वडखळ, नागोठणे घेत रस्ता सुकेळी खिंड ओलांडतो आणि रोहा तालुक्यातल्या खांब गावाशी येतो. पुढे कोलाड. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याच्या लेखी खांब म्हणजे खड्डे चुकवत मागे टाकायच्या कित्येक गावांपैकी एक. मात्र वनखात्याचा नकाशा उघडला की याच गावाचे ठिकाण डोळ्यांत भरते. पश्चिमेला मुरूडच्या डोंगरात फणसाड, उत्तरेला कर्नाळा, ईशान्येला सुधागड, पूर्वेला घाटमाथ्यावर ताम्हिणी. चारही अभयारण्ये, आणि खांब त्यांतल्या एकातही नाही. अंबा आणि कुंडलिका या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, रस्ता, रेल्वे, भातखाचरे आणि कारखाने यांच्या सोबतीला ते बसले आहे.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा. त्यांतली ताडोबा, पेंच, नवेगाव आणि गुगामल ही चार विदर्भात. उरलेली दोन म्हणजे बोरिवली आणि चांदोली. रायगड जिल्ह्यात एकही नाही. हे उणेपण नव्हे, जिल्ह्याच्या जंगलाचा तो स्वभाव आहे. राष्ट्रीय उद्यानात चराईला आणि खाजगी हक्कांना जागा राहत नाही. अभयारण्यात काही हक्क चौकशीअंती टिकू शकतात. जिथे प्रत्येक डोंगराच्या पायथ्याला वाडी आणि माथ्याला देव आहे, तिथे माणसाला पूर्ण वगळून जंगल आखणे जमण्यासारखे नव्हतेच.

यांतले सगळ्यांत भरलेले अरण्य फणसाडचे. मुरूड आणि रोहा या दोन तालुक्यांत पसरलेले हे रान एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव जंगल होते. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि 1986 मध्ये हे जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झाले. हिंदुस्थानातल्या बऱ्याच अभयारण्यांची कुळकथा अशीच आहे: राजाला शिकार करता यावी म्हणून प्रजेला मज्जाव झाला आणि त्या मज्जावामुळे झाडे वाचली. याचे श्रेय नवाबाला द्यायचे की त्याच्या बंदुकीला, हे ज्याने त्याने ठरवावे.

समुद्राच्या इतक्या जवळ, काशीदच्या गजबजलेल्या किनाऱ्याच्या पाठीशी असे जंगल टिकले, त्यात पाण्याचा वाटा मोठा आहे. इथल्या बारमाही पाणवठ्यांना स्थानिक लोक ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, धरणाची गाण, फणसाडची गाण अशी त्यांची नावे; शेवटच्या गाणीने अभयारण्यालाही नाव दिले. कोकणात पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी जांभ्यातून आणि कातळावरून पाहता पाहता समुद्राला मिळते आणि एप्रिल-मेमध्ये डोंगर कोरडा पडतो. अशा वेळी सांबर, भेकर, रानडुक्कर आणि बिबट्या या गाणींभोवती गोळा होतात. सुपेगावच्या बाजूने आत शिरले की ऐन, किंजळ, अंजनी, जांभूळ यांची सावली लागते. त्यांच्या शेंड्यांवरून गारंबीचे वेल एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. या वेलीची शेंग मीटरभर किंवा त्याहून लांब असते आणि आतल्या चपट्या, तपकिरी बिया इतक्या टणक असतात की ओढ्यातून समुद्रात वाहत गेल्या तरी तरंगत राहून दूरच्या किनाऱ्याला लागतात.

फणसाडचा खरा रहिवासी मात्र शेकरू. राज्यप्राणी म्हणून त्याचे नाव निघाले की भीमाशंकरच डोळ्यांपुढे येते, पण या किनारी जंगलातही तो आहे. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. एकच शेकरू वेगवेगळ्या झाडांवर अनेक घरटी बांधतो आणि फांदीवरून फांदीवर सहा मीटरपर्यंत उडी मारतो. म्हणजे त्याला हवे असते ते सलग छत. दोन झाडांमधले अंतर उडीपेक्षा जास्त झाले की शेकरूपुरते तिथे जंगल संपते, मग सातबाऱ्यावर ती जमीन वनखात्याची असो की नसो. चौपदरी महामार्गाची नुसती गाड्यांच्या चार पट्ट्यांची रुंदीच या उडीच्या दुपटीहून अधिक भरते.

कर्नाळ्याबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण मुंबई-पुण्याच्या शाळांच्या सहली तिथे कित्येक वर्षे जात आहेत. 1968 मध्ये जाहीर झालेले हे पक्षी अभयारण्य सुरुवातीला जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचे होते; 2003 मध्ये ते सुमारे बारा चौरस किलोमीटरपर्यंत वाढवले गेले. पक्ष्यांच्या दोनशेहून अधिक जातींची इथे नोंद आहे. आणि एवढ्याशा जंगलाच्या पोटातून महामार्ग जातो. पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचे काम 2011 मध्ये सुरू झाले आणि ते रखडण्याची कारणे सांगताना भूसंपादनाबरोबर कर्नाळ्याच्या परवानगीचाही उल्लेख होत राहिला. खड्ड्यांचे खापर पक्ष्यांवर फोडणे सोपे असते. याच 84 किलोमीटरमधला अभयारण्याबाहेरचा, पेण-नागोठणे-खांब-कोलाडचा लांबलचक रस्ताही वर्षानुवर्षे अर्धवट पडून होता, तिथे कुठला पक्षी आडवा आला होता?

सुधागडचे अभयारण्य 2014 चे, सुमारे 77 चौरस किलोमीटरचे, म्हणजे कर्नाळ्याच्या सहापटीहून मोठे. त्याला लागून असलेल्या घाटातले ताम्हिणी 2013 चे, पन्नास चौरस किलोमीटरच्या आतबाहेर. पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या भक्तांपैकी किती जणांना डोळ्यांसमोरचा सरसगडाच्या पलीकडचा डोंगर अभयारण्यात मोडतो हे ठाऊक असेल? घाटाच्या उभ्या कड्यांवरची ही राने कमानी आणि तिकीटघरे यांच्यामुळे ओळखली जात नाहीत. पावसाळी पर्यटकाला ती ‘धबधब्याचा रस्ता’ म्हणून माहीत आहेत.

ताम्हिणी घाटाच्या पायथ्याशी भिरा आहे आणि भिऱ्याच्या पाण्याची गोष्ट खांबच्या परिसराला थेट लागू होते. मुळशी धरणात अडवलेले पाणी मूळचे कृष्णेच्या खोऱ्यातले, पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणारे. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा. धरण झाले, 1927 मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले आणि तेव्हापासून ते पाणी सह्याद्री उतरून कुंडलिकेत पडते. वीज बनवून झाली की डोलवहाळच्या बंधाऱ्यातून ते कालव्यांत आणि नदीत जाते. कोलाडला सकाळी राफ्टिंगची होडी निघते, ती याच सोडलेल्या पाण्यावर. मुळशीच्या शेतकऱ्यांनी गमावलेल्या जमिनीवरून आलेल्या पाण्यामुळे उन्हाळ्यातही कुंडलिकेला धार असते. त्या धारेवर उन्हाळी पीक उभे राहते, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतले रसायनांचे कारखाने चालतात, आणि काठावरच्या पाणपक्ष्यांचेही भागते. हा सगळा पाणवठा कुठल्याच अभयारण्याच्या हद्दीत नाही.

हद्दीबाहेरच्या जंगलाची कहाणी हद्दीपेक्षा जुनी आहे. इथल्या भातशेतीचा पाया होता राब. उन्हाळ्यात ऐनाचे टाळ, म्हणजे डहाळ्या, तोडायचे, शेण, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर देऊन ते जाळायचे आणि त्या भाजलेल्या जमिनीत रोपे तयार करायची. तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते. भाताच्या प्रत्येक खाचराला त्यामुळे डोंगरावरच्या झाडांची गरज होती. इंग्रजी वनखात्याने जंगल राखीव करायला सुरुवात केली तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत टाळ तोडण्याच्या हक्कावरून एवढा असंतोष पसरला की मुंबई सरकारला एक वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 चा. जंगल कोणासाठी, हा वाद या भागात नवा नाही.

ठाकूर आणि कातकरी यांच्या वाट्याला याच काळात उतारावरचे तुकडे आले. त्यांना ‘दळी’ म्हणतात. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवायची परवानगी, पण जमिनीची मालकी नाही, अशी ही व्यवस्था. स्वातंत्र्यानंतरही दळीधारकांचे नाव कागदावर पक्के झाले नाही. रायगडात सर्वहारा जन आंदोलनाने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला दाद मागायची एक रीतसर वाट मिळाली. कातकरी हे केंद्र सरकारच्या यादीत विशेष दुर्बल आदिवासी गटात मोडतात. जंगल वाचवायचे म्हणताना पहिली कुऱ्हाड यांच्याच हातात दाखवली जाते. मोठा डोंगर पोखरणाऱ्या खाणीचा किंवा फार्महाउससाठी सपाट केलेल्या टेकाडाचा मालक मात्र क्वचित दिसतो.

गिधाडांची गोष्ट याच मधल्या मुलखाची. एकेकाळी गावाबाहेरच्या ढोरफोडीच्या जागी झुंडीने उतरणारे पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड 1990 नंतरच्या दीड दशकात देशातून जवळपास नाहीसे झाले. कारण सापडले ते 2004 साली: जनावरांना वेदना कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात होत्या म्हणून 2015 मध्ये त्यांच्यावरही मर्यादा घातली गेली. रायगडात गिधाडे उरली ती मुख्यतः फणसाडमध्ये, आणि अभयारण्य नसलेल्या म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात. चिरगावला महाडच्या सीस्केप संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री आणि गावकरी यांनी वनखात्यासोबत घरट्यांची झाडे राखली, मेलेली जनावरे पुरण्याऐवजी गिधाडांसाठी ठेवली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने अलिबाग ते श्रीवर्धन पट्ट्यात उंच झाडे आडवी केली, तेव्हा गिधाडांच्या घरट्यांना जागाही कमी झाली. वादळात पडलेले आंब्या-नारळाचे झाड नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात येते. घरट्याचे झाड पंचनाम्यात येत नाही.

पक्ष्यांच्या अभ्यासातही जिल्ह्याने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट अभयारण्याबाहेरची आहे. सलीम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण केले. नर एकामागून एक अर्धवट घरटी विणतो, मादी पाहणी करून एखादे पसंत करते आणि ते पूर्ण झाले की नर पुढच्या घरट्याकडे आणि पुढच्या मादीकडे वळतो, हे तिथे नीट नोंदले गेले. त्यासाठी दाट जंगल लागले नाही; गावकुसाबाहेरची झाडे पुरली.

  

आता या मधल्या मुलखाला कायद्यात नाव मिळाले आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ हा नवा प्रकार आला. अभयारण्याला लागून असलेली किंवा एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणारी सरकारी जमीन, स्थानिक लोकांशी चर्चा करून, या नावाने राखता येते. महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत अशी बरीच क्षेत्रे जाहीर केली. त्यांत रोहा हे सुमारे 27 चौरस किलोमीटरचे आणि रायगड हे सुमारे 47 चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे. जोडणारा दुवा म्हणून त्यांचे मोल त्यांच्या आकाराहून मोठे ठरू शकते. पण त्या दुव्याच्या आड कोकण रेल्वेही आहे, जी रोह्यापासूनच सुरू होते, आणि महामार्गही.

कायद्याने अशा क्षेत्रासाठी सल्लागार समिती सांगितली आहे आणि तिची रचना वाचण्यासारखी आहे. सदस्य-सचिव वनखात्याचा. क्षेत्र ज्या ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत येते त्या प्रत्येकीचा एक प्रतिनिधी. वन्यजीव संरक्षणात काम करणाऱ्या संस्थांचे तिघे. शिवाय कृषी खात्याचा एक आणि पशुसंवर्धन खात्याचा एक. म्हणजे राबाचा पर्याय, भातात घुसणारे डुक्कर आणि उन्हाळ्यातला वणवा ज्याच्यापुढे मांडायचा तो अधिकारी या टेबलाशी बसतो, आणि गोठ्यातल्या आजारी बैलाला कुठले इंजेक्शन दिले जाते हे ज्याला विचारायचे तोही. ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर कोण बसतो, दळीचा कातकरी की रस्त्याकडेच्या जमिनीचा दलाल, हे त्या त्या गावातल्या ग्रामसभेच्या उपस्थितीवर ठरेल.