श्रद्धा, मन आणि सिस्टरचा एक प्रश्न

आजचा विषय जरा नाजूक आहे. मनाचा आजार आणि देवधर्म. या दोन्हींबद्दल आपण घरात दबक्या आवाजात बोलतो, किंवा बोलतच नाही. पण माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय हा विषय पुढे नेता येणार नाही.

आमच्या एका बचत गटातली ताई. सहा वर्षांत तिचा हप्ता कधी चुकला नाही. मागच्या वर्षी तिचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर ती बैठकीला येईना. मी घरी गेले. चुलीपुढे बसली होती, पण चूल पेटलेली नव्हती. म्हणाली, "ताई, माझ्याच हातून काहीतरी पाप घडलं असणार." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चांगल्या मनाने म्हणाले, "असतात गं एकेकीचे भोग. देवाचं कर, सगळं ठीक होईल." ती गप्प झाली. मला वाटलं, तिला धीर आला.

तिने खरंच देवाचं केलं. सोमवार, गुरुवार, शनिवार असे उपास धरले. दोन महिन्यांत अंगावरचं ब्लाऊज सैल झालं. एक दिवस विहिरीवर चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. मी सोबत होते. सिस्टरनी वजन केलं, बीपी घेतलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "उपास कशासाठी करता?" ही म्हणाली, "शिक्षा म्हणून." सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "देवाचं नाव घेतलं की बरं वाटतं, की भीती वाटते?" ताई म्हणाली, "भीती वाटते," आणि रडायला लागली. बाळ गेल्यापासून ती पहिल्यांदाच कोणापुढे रडत होती.

मी तिथे मान खाली घालून उभी होते. "भोग" हा शब्द मीच तिच्या डोक्यावर ठेवून आले होते.

नंतर सिस्टरना विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? त्या हसून म्हणाल्या, "सुचलं नाही, शिकलो आम्ही. नर्सिंगमध्ये यावर संशोधन झालंय." मग त्यांच्याकडून ऐकून आणि पुढे वाचून जे समजलं, ते आज तुम्हाला सांगते.

रुग्णाजवळ सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? डॉक्टर येऊन जातात, सिस्टर रात्रभर असते. उशाखालचा अंगारा, गळ्यातला ताईत, हातातली जपमाळ तिला दिसते. मध्यरात्री "देवा, मलाच का?" हे तीच ऐकते. म्हणून या विषयाकडे परिचारिकांचं लक्ष आधीपासून होतं. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांनी रुग्णांच्या तक्रारींची जी यादी केली, तिच्यात 'आध्यात्मिक वेदना' हीसुद्धा एक नोंद होती. ताप, जखम, श्वास लागणं यांच्यासारखीच तीही सिस्टरने ओळखायची आणि लिहून ठेवायची गोष्ट ठरली.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, रूथ स्टॉल या परिचारिकेने रुग्णाला काय विचारावं याची रीत घालून दिली. तिने चार बाजू सांगितल्या. तुमचा देव तुम्हाला कसा वाटतो? तुम्हाला बळ आणि आशा कुठून मिळते? कोणते धार्मिक आचार तुमच्यासाठी महत्त्वाचे आहेत? आणि तुमच्या श्रद्धेचा तुमच्या आजारपणाशी काय संबंध आहे असं तुम्हाला वाटतं? बघा, यात कुठेही उपदेश नाही. सगळं विचारणंच आहे.

आणखी एक गोष्ट. या संशोधनात अध्यात्म म्हणजे फक्त देवपूजा नाही. सकाळी उठावंसं वाटतं ते कशामुळे, आपलं जगणं कोणासाठी, कशासाठी, हेही त्यात येतं. कोणाला हरिपाठातून बळ मिळतं, कोणाला नमाजातून, कोणाला चर्चमधून, कोणाला बुद्धविहारातल्या वंदनेतून. देव न मानणाऱ्या बाईला ते लेकरांतून किंवा शेतातून मिळत असेल. सिस्टरने यातलं कुठलं बरोबर हे ठरवायचं नाही. समोरचीला कशाने आधार मिळतो, एवढं समजून घ्यायचं.

आता मुख्य प्रश्न. श्रद्धेने मन बरं राहतं का? पुष्कळ अभ्यासांत असं दिसलं की नियमित प्रार्थना, भजन, सत्संग करणाऱ्यांमध्ये नैराश्य कमी आढळतं. पण इथे घाई करायची नाही. जिच्या अंगात बळ आहे तीच देवळाची पायरी चढते. जी अंथरुणातून उठत नाही, ती भजनाला कशी येणार? मग भजनाने ती बरी राहिली, की बरी होती म्हणून भजनाला आली? शिवाय भजनाला चार बायका भेटतात, बोलणं होतं, त्याचाही गुण असतो.

याहून महत्त्वाचं काम केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाचं आहे. परिचारिकांच्या संशोधनातही त्याची प्रश्नावली वापरली जाते. तो म्हणतो, संकटात माणूस श्रद्धेचा उपयोग दोन तऱ्हांनी करतो. एक तऱ्हा अशी: देव माझ्यासोबत आहे, यातून तो मला बाहेर काढेल. दुसरी अशी: देवाने मला टाकलं, तो मला शिक्षा देतोय. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या ५९६ आजारी माणसांची सुमारे दोन वर्षं माहिती ठेवली आणि २००१ मध्ये ती छापली. ज्यांना वाटत होतं की देवाने आपल्याला सोडलं, त्याचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, त्यांच्यात मरणाचा धोका जास्त दिसला. आजार किती गंभीर होता हे हिशेबात धरूनही जास्त दिसला.

म्हणजे "देवाचं करतेस का?" हा प्रश्न अपुरा आहे. आमची ताई देवाचं करतच होती. तिला आधार मिळतोय की ती स्वतःला शिक्षा देतेय, हे विचारायला हवं होतं. मी ते विचारलं नाही, सिस्टरनी विचारलं.

आता आपल्या देशातली दोन उदाहरणं सांगते, दोन्ही तामिळनाडूतली. तिथल्या एका खेड्यात मुथुस्वामींचं देऊळ आहे. मनाचा गंभीर आजार असलेली माणसं तिथे येऊन राहायची. सोबत घरचं माणूस. सकाळी छोटी पूजा, मग झाडांना पाणी घालणं, झाडलोट अशी हलकी कामं. मारझोड नाही, पैसे उकळणं नाही. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेतल्या संशोधकांनी तिथल्या ३१ जणांची तपासणी केली. काही आठवडे राहिल्यावर त्यांच्या आजाराची लक्षणं मोजली, तर ती सरासरी जवळजवळ २० टक्क्यांनी कमी झाली होती. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ३१ ही संख्या लहान आहे, त्यावरून "औषध नको, देऊळ पुरे" असं म्हणता येत नाही. पण शांत जागा, प्रेमाची वागणूक आणि जवळचं माणूस यांचा गुण किती, हे त्यातून कळतं.

दुसरं उदाहरण एरवाडीचं. तिथल्या दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवणारे खासगी निवारे होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यातल्या एकाला आग लागली. माणसांना साखळदंडाने बांधलेलं होतं. पळता आलं नाही. २८ जण गेले. दोष कुठल्या एका धर्माचा नव्हे, साखळीचा होता. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, दोरखंडाने बांधणं हा त्यात गुन्हा आहे. पूजा, वारी, कीर्तन, भजन यांना तो कायदा हात लावत नाही. ज्या देवस्थानी मनाला निवारा मिळतो तिथे जरूर जा. जिथे मारतात, बांधतात, "गोळ्या बंद कर" म्हणतात, तिथून आपल्या माणसाला घेऊन या.

आणि उपासाचं. आपल्यातल्या कितीतरी जणी उपासाच्या दिवशी गोळी टाळतात. मनाच्या आजाराची गोळी अशी मध्येच सोडली तर आजार उलटू शकतो. लिथियमची गोळी चालू असेल तर निर्जळी उपास धोक्याचा आहे, कारण अंगातलं पाणी कमी झालं की त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. म्हणून उपास करत असाल तर सिस्टरला आधी सांगा. लाजू नका. त्या रागावणार नाहीत, वेळ बसवून देतील.

सिस्टरांची एक अडचणही सांगते. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने २०१० मध्ये पाहणी केली. चार हजारांहून जास्त परिचारिकांनी उत्तरं दिली. बहुतेकींचं म्हणणं पडलं, हे काम आमचंच आहे, पण त्याचं पुरेसं शिक्षण आम्हाला मिळालेलं नाही. आपल्याकडे तर एका सिस्टरपुढे सकाळपासून रांग असते. म्हणून थोडं आपणही शिकूया.

गटातली एखादी गप्प झाली, तर तिला एवढंच विचारा: "या सगळ्यात तुला बळ कशाने मिळतं?" आणि, "देवाबद्दल मनात काय येतं? आधार वाटतो, की भीती?" मग ऐका. मध्ये बोलू नका. "भोग", "पाप", "कोणाची तरी करणी" हे शब्द तोंडातून काढू नका. "तुझी श्रद्धा कमी पडली" असं तर कधीच म्हणू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, असं असेल तर तिला आरोग्य केंद्रात घेऊन जा. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी जा, तिला एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आमच्या ताईला सिस्टरनी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पाठवलं. औषध सुरू आहे. सोमवारचा उपास तिने ठेवलाय, बाकीचे सोडले. त्या दिवशी खिचडी खाऊन गोळी घेते. मागच्या बैठकीला आली, मागे राहिलेले हप्ते भरले, फार बोलली नाही. निघताना मी तिला म्हटलं, "त्या दिवशी मी चुकीचं बोलले गं." ती म्हणाली, "ताई, पुढच्या बैठकीचा चहा माझ्याकडे."

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा आणि जी आलेली नाही तिची आठवण काढा. भेटूया पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.