हसावयाचे कोणाला?

कुर्डुवाडी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते मुख्यतः आगगाडीच्या जंक्शनामुळे. १८९७ साली येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी धावू लागली. ‘बार्शी लाइट रेल्वे’ या नावाने प्रसिद्ध असलेली ही रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरज येथपर्यंत गेली. मुंबईहून येणारा उतारू मोठ्या गाडीतून कुर्डुवाडीस उतरे आणि गाठोडे सांभाळीत छोट्या गाडीत जाऊन बसे. दोन्ही गाड्या एकाच गावी येत. परंतु एकीचे डबे दुसरीच्या रुळांवर चालत नसत. आता ते सारे रूळ रुंद झाले आहेत. विचारांच्या बाबतीत मात्र तसे झालेले नाही. न्यायालयात अथवा विद्यापीठात मान्य झालेला एखादा विचार घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबतो, कारण आतल्या रुळांची रुंदी निराळी असते. त्याला आत जावयाचे असेल तर मध्ये कोठेतरी गाडी बदलावी लागते. विनोद हे असे गाडी बदलण्याचे फार जुने ठिकाण आहे. समलिंगी माणसांविषयी समाजात असलेला द्वेष, आणि अशा माणसाने आपली ओळख घरच्यांपुढे उघड करणे, या विषयावर अलीकडे उपहासात्मक विनोदी वेबमालिका निघाल्या आहेत. त्यांचे कार्य कोणते आणि मर्यादा कोणत्या, हे पाहणे उद्बोधक आहे.

वेबमालिका म्हणजे इंटरनेटवरून भागाभागांनी दाखविली जाणारी नाट्यकथा. तिला नाट्यगृह लागत नाही, तिकीट लागतेच असे नाही, आणि ठरलेली वेळही नसते. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करावयाचा तर संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते; चित्रपटासही प्रमाणपत्र लागते. वेबमालिकेस असे पूर्वप्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या नियमांनी प्रसारक कंपन्यांवर वयोगटानुसार वर्गवारी करण्याचे बंधन घातले. थोड्या भांडवलावर चार मित्रांनी मिळून काढावी आणि मोबाइलवरून ती मुंबईप्रमाणेच माढा तालुक्यातही त्याच क्षणी पोहोचावी, असे हे माध्यम आहे. जे विषय मोठ्या पडद्याच्या व्यापाराला परवडत नव्हते, ते येथे आले याचे कारण हेच.

या विषयावरील मुंबईतील ठळक उदाहरण म्हणजे अमित खन्ना यांची ‘ऑल अबाउट सेक्शन ३७७’ ही हिंदी मालिका. ती २०१६ साली यू-ट्यूबवर आली. समलिंगी माणसांची किळस बाळगणारा एक तरुण मुंबईस आपल्या भावाकडे राहावयास येतो, आणि ज्याच्या आश्रयास आपण आलो तो भाऊच समलिंगी आहे हे त्यास कळून येते, अशी तिची मूळ कल्पना आहे. कल्पना साधी आहे. पण विनोदाच्या दृष्टीने तिच्यात एक महत्त्वाचा पालट झालेला दिसतो. आजवरच्या बहुतेक करमणुकीत समलिंगी अथवा बायकी चालीचा पुरुष हा हसण्याचा विषय असे आणि त्याला हसणारा मनुष्य शहाणा समजला जाई. येथे हसण्याचा विषय बनतो तो भिणारा मनुष्य. ज्याच्या घरचा चहा प्यावयाचा, ज्याच्या छताखाली झोपावयाचे, त्याचाच विटाळ मानावयाचा, ही विसंगती प्रेक्षकापुढे येते. द्वेष गंभीर चेहऱ्याने बोलत असतो तोपर्यंत तो तत्त्वासारखा भासतो. तोच एका खोलीत, एका न्हाणीघरात आणि एका जेवणाच्या टेबलाशी आणून बसविला, म्हणजे त्यातील पोकळपणा दिसू लागतो.

उपहासाचे हे साधन मराठी माणसाला नवे नाही. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध व्याख्याने तेव्हाही होत होती; पण म्हातारा भुजंगनाथ, पैशाला लाचावलेला कांचनभट आणि मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित यांना पाहून प्रेक्षक जे हसले, त्या हसण्याने व्याख्यानांना न जमलेले काम केले. १९२९ साली बालविवाहास आळा घालणारा जो कायदा झाला, तोही ‘शारदा कायदा’ म्हणूनच लोकांच्या तोंडी बसला. वास्तविक ते नाव अजमेरचे हरबिलास सारडा यांच्यावरून पडले होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी ‘सुदाम्याचे पोहे’ या लेखांत सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्याकडून रूढींचे समर्थन करविले आणि ते समर्थनच त्या रूढींचा फजितवाडा ठरले. शत्रूवर चढाई न करता त्यालाच मनसोक्त बोलू द्यावयाचे, ही ती युक्ती. समलिंगीद्वेषावरील वेबमालिका हीच युक्ती चालवितात.

तथापि याच परंपरेची दुसरी बाजूही आहे. तमाशातील नाच्या हे पात्र पिढ्यान्‌पिढ्या लोकांना हसवीत आले. रंगमंचावरून उतरल्यावर त्या माणसाचे काय होते, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीने तो विचारला, आणि रवी जाधव यांच्या २०१० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाने तो घरोघर नेला. पहिलवानी देहाचा कलावंत नाच्याची भूमिका पत्करतो आणि त्यापायी त्याची जी विटंबना होते, तिची ती कथा आहे. उलटपक्षी, पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे मराठी रसिकाला कधी वर्ज्य नव्हते. बालगंधर्वांच्या शालूची आणि दागिन्यांची नक्कल सुशिक्षित घरांतील स्त्रिया करीत असत. म्हणजे पुरुषाच्या ठायी असलेले मार्दव रंगमंचावर पूज्य ठरले. आळीत मात्र ते कुचेष्टेचे कारण झाले. येथे लक्षात ठेवावयाचे ते इतकेच, की बायकी चाल आणि समलिंगी आकर्षण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लोकविनोदाने त्या एकत्र कालवल्या, आणि त्या गोंधळाचा उपद्रव दोघांनाही झाला.

या विषयावर मराठीत गंभीर लेखन झाले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही असत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्वे यांना दंड झाला. मासिक मात्र त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालू राहिले. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला नायिका केले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक’ ही संस्था काढली आणि या विषयावर मराठीत विपुल लिहिले. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ सालची. हे सारे कार्य मोलाचे आहे. परंतु गंभीर पुस्तक उघडण्यास वाचकाची मुळातच थोडी तयारी असावी लागते. विनोद तयारी नसलेल्या माणसाजवळही जाऊन बसतो.

कायद्याची वाटचालही येथे सांगावयास हवी, कारण मालिकेच्या नावातच कायद्याचे कलम आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ अन्वये असे संबंध गुन्हा ठरत. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी, प्रौढांच्या संमतीने खासगीत होणाऱ्या संबंधांपुरते ते अवैध ठरविले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. म्हणजे ही मालिका निघाली त्या वर्षी तिच्यातील नायकाचे प्रेम कायद्याने गुन्हाच होते. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने ही बंदी रद्द केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ते कलम राहिलेच नाही. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मान्य झाला नाही. वैद्यकशास्त्राचे मत त्याहून आधी स्पष्ट झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली, आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तिला ‘बरे’ करण्याचे उपचार हे वैद्यकाच्या व्यवसायातील गैरवर्तन ठरविले.

इतके होऊनही घर बदलले काय? कुर्डुवाडीतील एखाद्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या बिऱ्हाडाची कल्पना करावी. मुलगा पुण्यास शिकतो आणि सुटीला घरी आला आहे. रात्री जेवणे चालू असता दूरचित्रवाणीवर विनोदी कार्यक्रम लागतो. साडी नेसलेला एक नट मुरकत पुढे येतो, आणि वडील, आई, आत्या सारीच खळखळून हसतात. मुलगाही हसतो, किंबहुना इतरांपेक्षा थोडे मोठ्यानेच हसतो. कोणी काही बोललेले नसते, कोणी कोणाला दुखविण्याचे मनातही आणलेले नसते. पण या घरात आपली गोष्ट सांगावयाची नाही, हा त्याचा निर्णय त्या वेळी होऊन गेलेला असतो. ओळख उघड करणे म्हणजे एका दिवशी उभे राहून केलेली घोषणा, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक ती वर्षानुवर्षे चाललेली चाचपणी असते. मूल घरच्यांच्या थट्टा ऐकत असते आणि त्यांवरून पुढल्या संकटाचे माप घेत असते. मग लग्नाची स्थळे येऊ लागतात. मौन न मोडले तर एखाद्या अजाण मुलीचे आयुष्यही त्या मौनात ओढले जाते.

असा मुलगा परतीच्या गाडीत, कानात यंत्र घालून, ती मालिका पाहतो. तिच्यात त्याला प्रथमच असे दिसते की हसू त्याच्यावर नसून त्याला भिणाऱ्यावर आहे. हा दिलासा लहान नव्हे. परंतु या माध्यमाची मर्यादाही येथेच आहे. ‘शारदा’ पाहावयास भुजंगनाथाच्या वयाचे प्रेक्षकही त्याच नाट्यगृहात बसलेले असत आणि शेजाऱ्याच्या हसण्याने ओशाळत असत. मोबाइलवरील मालिका ज्याची त्याने एकट्याने पाहावयाची असते. ज्याला तिची गरज नाही असे घरच्यांना वाटते, तोच ती पाहतो. आणि ज्यांनी ती पाहिली पाहिजे, ते दुसऱ्या खोलीत त्या जुन्याच विनोदाला हसत असतात.

दुसरी एक मर्यादाही सांगितली पाहिजे. अशा कथांत द्वेष करणारा मनुष्य बहुधा जुन्या वळणाचा, अडाणी आणि बाहेरून आलेला दाखविला जातो, तर शहर समंजस दाखविले जाते. शहरी प्रेक्षकाला ही मांडणी सोयीची असते, कारण हसून तो मोकळा होतो. पण पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांतही मुलाला गुपचूप डॉक्टरकडे नेणारे आईबाप आहेत, आणि ‘आमची हरकत नाही, पण लोकांना कळता कामा नये’ असे म्हणणारे त्याहूनही अधिक आहेत. उपहासाचे खरे लक्ष्य हे दुसरे वाक्य आहे. खेड्याला हसणारा विनोद एका कुचेष्टेच्या जागी दुसरी आणून बसवितो, आणि कुर्डुवाडीचा प्रेक्षक त्याकडे पाठ फिरवितो यात नवल नाही. मराठीत ‘भाडिपा’सारख्या मंडळींनी आई आणि मूल यांच्या रोजच्या संवादावर उत्तम विनोदी मालिका केल्या आहेत. समलिंगीद्वेषाचा उपहास असाच आपल्या स्वयंपाकघरातल्या बोलीत झाला, तर त्यात कोणाला परका गावंढळ आणण्याची गरज उरणार नाही.

तोवर सुशिक्षित घरांना एक गोष्ट करता येण्याजोगी आहे, आणि तिला खर्च नाही. अशी एखादी मालिका मुलाने एकट्याने पाहावी असे न ठेवता घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावी. ते न जमले, तर रोजच्या कार्यक्रमात तो मुरकणारा नट पुढे आला असता घरातील एखाद्या वडील माणसाने, आत्याने म्हणा, सहज विचारावे, ‘यात हसण्यासारखे ते काय आहे?’ उपदेश नको, चर्चा नको. पानावर बसलेल्या मुलाच्या कानी तेवढे एक वाक्य पडले, म्हणजे पुण्याची गाडी पकडण्यापूर्वी घरात काही बोलावे की काय, असा विचार तरी त्याच्या मनात येऊ शकेल.