अपुरा देह, पुरा मान

डहाणू-तलासरीच्या वारली लग्नचौकात, म्हणजे लग्नाच्या भित्तिचित्रात, पालघट देवीजवळच्या देवचौकात पंचशिऱ्या काढतात. त्याला मस्तक नसतं. मानेतून धान्याचे पाच कोंब फुटतात. तो शेताचा राखणदार. हे अपंगत्वाचं चित्रण नव्हे, पण इथे अपुऱ्या देहालाही देवत्व आहे.

प्रत्यक्ष अपंगत्व अजिंठ्यात दिसतं. 10 आणि 17 क्रमांकांच्या लेण्यांत श्याम जातक रंगवलं आहे: अंध आईवडिलांची सेवा करणारा मुलगा. पाचव्या शतकातल्या 17व्या लेण्यात अंध आईसाठी अन्न सोडणारा हत्तीही आहे. घारापुरीच्या लेण्यांतले शिवाचे बुटके गण मात्र शेजारच्या द्वारपालांची भव्यताच वाढवतात.

जुनी कला पाहताना एवढं जरूर तपासा: वेगळ्या देहाला कलावंतानं मान दिला, की त्याला नुसतं सजावटीला वापरलं?