येरळेच्या वाळूचा हिशेब

येरळा नदी साताऱ्यातल्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. वर्षातले कितीतरी महिने तिचं पात्र कोरडं दिसतं, पण वाळूच्या पोटात पाणी साठलेलं असतं आणि काठच्या विहिरी त्याच पाण्यावर तग धरतात. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यातून ही वाळू ट्रकने शहरांकडे जाऊ लागली. वाळू गेली, पाठोपाठ विहिरींचं पाणीही गेलं. शेतकऱ्याला हे डोळ्यांनी दिसत होतं. पण तहसील कचेरीत डोळ्यांनी पाहिलेल्याला किंमत नसते, तिथे आकडा लागतो.

तो आकडा कोण काढणार, या प्रश्नापाशी सांगली-साताऱ्यात संशोधन आणि चळवळ एकत्र आली.

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्यांमध्ये या दुष्काळी पट्ट्यातली माणसं मोठ्या संख्येने होती. संप लांबला तसे अनेकजण गावी परतले. गावाकडे काय, तर पुन्हा दुष्काळ आणि रोजगार हमीची खडी. इथे थोडं थांबून सांगायला हवं, की रोजगार हमीचे जनक वि. स. पागे सांगली जिल्ह्यातलेच. १९७२ च्या दुष्काळात त्या योजनेने महाराष्ट्र जगवला आणि पुढे तिचा कायदा झाला. पण दहा वर्षांनंतरही त्याच माणसांनी त्याच रस्त्यावर खडी फोडावी, हे परतलेल्या कामगारांना पटेना. त्यांच्यातून आणि गावातल्या तरुणांतून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. तिची मागणी साधी होती: दरवर्षी काम मागायला लागू नये, असं काम द्या.

म्हणजे कुठलं काम? हे ठरवायला गावाची माहिती लागणार होती. कार्यकर्ते आणि विद्यार्थी घरोघरी फिरले. पूर्वी कुठली पिकं होती, विहिरींना पाणी कधीपर्यंत टिकायचं, झाडी किती होती, ऊस कधी आला, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घेतलं. लोकविज्ञान चळवळीतल्या मंडळींची साथ मिळाली. गावात विज्ञान जत्रा भरली आणि दुष्काळाची कारणं लोकांसमोर मांडली गेली. पावसाचं प्रमाण कमी होतंच. पण पडलेलं पाणी कुणाच्या शेतात जातं आणि नदीची वाळू कुणाच्या खिशात जाते, हेही त्या मांडणीत आलं. आभाळाकडे बघत बसलेल्या माणसाच्या हाती जाब विचारण्यासारखं काही आलं.

मग बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी येरळेवर स्वतःचं छोटं धरण बांधायचं ठरवलं. पैसा उभा करण्यासाठी त्यांनी मागितला तो त्याच वाळूवरचा हक्क: ठेकेदाराला भरमसाट उपसू देण्यापेक्षा गावाला मर्यादित वाळू विकू द्या, त्या पैशातून आम्ही पाणी अडवू. सरकारदरबारी हे सहजासहजी मान्य झालं नाही, त्यासाठी लढावं लागलं. लोकांनी श्रमदान केलं, वर्गणी आणि कर्ज उभं केलं. आराखडा दिला मुंबईचे ज्येष्ठ अभियंते के. आर. दाते यांनी. मोठमोठ्या प्रकल्पांवर काम केलेला हा माणूस दोन खेड्यांच्या बंधाऱ्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसला, याचं मला आजही मोल वाटतं.

धरणाला नाव दिलं ‘बळीराजा स्मृती धरण’. जोतीराव फुल्यांनी ज्या बळीला शेतकऱ्याचा न्यायी राजा म्हणून पुन्हा उभं केलं, त्याचं हे नाव. ते नुसतं शोभेला नव्हतं. पाणी वाटायचं ते जमिनीच्या एकरावर नाही, घराच्या हिशेबाने. ज्याच्याकडे तसूभर जमीन नाही, त्या घराचाही पाण्यावर हक्क. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून माणशी पाण्याचं तत्त्व आधी रुजवलं होतंच. इथे त्याला चळवळीची ताकद मिळाली. समान वाटणी करायची म्हटली, की बारा महिने पाणी पिणाऱ्या उसाचं गणित आपोआप बिघडतं आणि ज्वारी, कडधान्य, चारा, झाडं यांचा विचार सुरू होतो. कमी पाण्यात एका कुटुंबाचं पोट कसं भरेल, यावर दाते आणि त्यांचे सहकारी सुहास परांजपे, के. जे. जॉय यांनी पुढे सविस्तर काम केलं.

या सगळ्या घडामोडींच्या मध्यावर कासेगावचं एक घर होतं. वाळवा तालुक्यातलं हे गाव. बाबूजी आणि इंदुताई पाटणकर हे दोघे ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यातले. त्यांचे चिरंजीव डॉ. भारत पाटणकर वैद्यकीचं पुढचं शिक्षण सोडून पूर्णवेळ चळवळीत आले. त्याच घरात आल्या गेल ऑम्व्हेट.

गेल यांचा जन्म १९४१ चा, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी १९७३ मध्ये पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर पीएच.डी. केली. सत्यशोधकांची जुनी कागदपत्रं धुंडाळत त्या महाराष्ट्रात हिंडल्या होत्या. स्वातंत्र्यापूर्वीच्या अखंड सातारा जिल्ह्यात सत्यशोधकांनी कुळांना उभं केलं आणि पुढे त्याच मातीत नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, हा धागा त्यांच्या लिखाणात ठळक झाला. एवढ्या प्रबंधावर परदेशातल्या कुठल्याही विद्यापीठात आयुष्य सुखात गेलं असतं. गेल यांनी १९७६ मध्ये भारत पाटणकरांशी लग्न केलं, कासेगावला घर केलं आणि १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं. परित्यक्ता बायकांना घरासाठी जागा आणि स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मिळावं म्हणून इंदुताईंच्या बरोबरीने ज्या बायका उभ्या राहिल्या, त्यांच्यात त्याही होत्या. बुद्ध, तुकोबा, फुले, आंबेडकर यांच्यावरचं त्यांचं लिखाण हे सगळं चालू असतानाच झालं. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

चळवळीत उतरलेला अभ्यासक एकांगी होतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मला तो पटत नाही, आणि त्याचं कारण गेल यांच्याच आयुष्यात सापडतं. १९९९ मध्ये मोठ्या धरणांविरुद्ध देशभर वातावरण तापलं असताना त्यांनी धरणविरोधी भूमिका घेणाऱ्या लेखिका अरुंधती रॉय यांना खुलं पत्र लिहिलं. विस्थापितांवर अन्याय होतो, हे त्यांना मान्यच होतं. कोयनेपासूनच्या धरणग्रस्तांसाठी भारत पाटणकरांची संघटना, श्रमिक मुक्ती दल, लढतच होती. पण दुष्काळी शेतकऱ्याला पाणी हवं आहे, धरणच नको म्हणणं त्याला परवडत नाही, असं त्यांनी आपल्याच बाजूच्या माणसांना स्पष्ट सांगितलं. खानापूर-आटपाडीची तहान जवळून पाहिल्याशिवाय हे सांगायचं धाडस येत नाही. चळवळीने त्यांना एकांगी होऊ दिलं नाही.

१९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा सुरू झाल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर एका व्यासपीठावर आले आणि कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांनी आपला वाटा मागितला. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याला जेमतेम पाचशे. एवढी तफावत शेजारीशेजारी असताना ‘समन्यायी पाणीवाटप’ ही मागणी इथेच जन्मावी, यात नवल नाही. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. कायद्यातलं हे तत्त्व शेताच्या बांधापर्यंत पोचवण्याचं काम अजून पुष्कळ बाकी आहे.

संशोधन आणि चळवळीचं हे नातं फक्त पाण्यापुरतं नाही. तासगाव तालुक्यात जन्मलेले डॉ. आ. ह. साळुंखे साताऱ्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवत. ज्या भाषेच्या आधारावर शतकानुशतकं माणसांना दूर ठेवलं गेलं, त्याच भाषेतल्या ग्रंथांची उलटतपासणी करून त्यांनी चार्वाक आणि बळीवंश बहुजनांच्या हाती दिला. सांगलीतच मीना सेषू यांनी १९९२ मध्ये ‘संग्राम’चं काम सुरू केलं. एचआयव्हीच्या त्या काळात वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांना रोगाचं मूळ मानून सगळे त्यांच्याकडे बोट दाखवत होते. १९९६ मध्ये या स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही संघटना उभी राहिली. आरोग्याचं काम त्यांनीच हाती घेतलं. याच प्रयत्नांतून पुढे चौदा राज्यांतल्या तीन हजार स्त्रियांची पाहणी झाली. तिच्यात अनेकींनी सांगितलं, की या व्यवसायात येण्याआधी आम्ही मोलमजुरी, घरकाम अशी तुटपुंज्या पैशांची कामं केली होती. ज्यांच्याबद्दल बोललं जात होतं, त्याच बोलू लागल्या तेव्हा प्रश्न वेगळाच निघाला.

शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून सातारा आणि सांगलीत शिकवतं आहे. साताऱ्यात आता कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाचं विद्यापीठही आहे. दोन्ही जिल्ह्यांत दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं भरतात, शेकडो मुलं गावात मुक्कामाला जातात. प्राध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे: विषय नोंदवण्याआधी एकदा त्या गावाला विचारा, तुम्हाला काय कळून घ्यायचं आहे. आणि प्रबंध पुरा झाला की त्याचा मराठी सारांश ग्रामसभेत वाचून दाखवा. लोक आकडे तपासतील, चुका सांगतील, भांडतीलही. त्यांना भांडू द्या.