बाणांचं जाळं की खुणांचा तक्ता?

मोठ्या सॉफ्टवेअरचा कोड शेकडो मॉड्यूलांत विभागलेला असतो आणि प्रत्येक मॉड्यूल इतर काहींच्या भरवशावर चालतं. हे अवलंबित्व दाखवायचं म्हटलं की बहुतेक जण चौकोन काढून ते बाणांनी जोडतात. दहा-बारा मॉड्यूलांपर्यंत ते छान दिसतं. शंभर मॉड्यूलं असतील तर मात्र ९,९०० जोडण्या संभवतात. त्यांतल्या पाच टक्केच खऱ्या असल्या तरी जवळजवळ पाचशे बाण एकमेकांना छेदत जातात. 'इथे बदल केला तर कुठे काय बिघडेल?' हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर अशा चित्रातून मिळत नाही. माझ्या मते त्यासाठी तक्ता हवा. त्याच मॉड्यूलांची नावं आडव्या ओळींत आणि उभ्या स्तंभांत त्याच क्रमाने लिहायची. ओळीतलं मॉड्यूल ज्याच्यावर अवलंबून असेल त्याच्या स्तंभात खूण करायची. आधाराची मॉड्यूलं आधी घेतली की सगळ्या खुणा कर्णाच्या खाली येतात. कितीही क्रम बदलला तरी वर खूण उरतेच, असं असेल तर कुठेतरी मॉड्यूलं चक्राकार एकमेकांत अडकली आहेत हे नक्की.

तक्ता किती कामाचा ठरतो याचा उत्तम पुरावा मोझिलाचा आहे. नेटस्केपने १९९८ साली आपल्या ब्राउझरचा कोड मोझिला या नावाने खुला केला. पुढे अॅलन मॅकॉर्मॅक, जॉन रुस्नॅक आणि कार्लिस बाल्डविन यांनी असेच तक्ते मांडून त्याची लिनक्सशी तुलना केली. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. एका फाइलमधल्या बदलाची झळ थेट किंवा आडवळणाने सरासरी किती फाइलींना लागू शकते, हे त्यांनी मोजलं. सुरुवातीच्या मोझिलात हे प्रमाण सुमारे १७ टक्के होतं, लिनक्सपेक्षा कितीतरी जास्त. १९९८ सालीच मोझिलाची रचना मुद्दाम सुटसुटीत केली गेली आणि ते तीन टक्क्यांच्या खाली आलं. म्हणजे गुंता ही मोठ्या कोडची नियती नव्हे. ठरवलं तर तो सोडवता येतो.

मग नुसता आकडा पुरे, तक्ता कशाला, असं कोणी विचारील. आकडा दुखणं आहे एवढंच सांगतो. ते कुठे आहे हे खुणांचा पुंजका दाखवतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोड वाचून काढलेल्या तक्त्यात सगळं अवलंबित्व येत नाही. दोन मॉड्यूलं एकमेकांचं नावही न घेता डेटाबेसच्या एकाच टेबलात लिहीत असतील, तर तिथली चौकट रिकामीच राहते. हे खरंच आहे. पण बदलांचा इतिहास जपलेला असतो. ज्या फाइली वारंवार एकत्र बदलल्या गेल्या त्यांच्या खुणा वेगळ्या रंगात त्याच तक्त्यात भरता येतात. बाणांच्या जाळ्यात हा दुसरा थर घातला तर काहीच वाचता येणार नाही. चित्र शिळं होतं ही तक्रार हाताने काढलेल्या आकृत्यांपुरती खरी आहे. चक्रं शोधण्याची रॉबर्ट टार्जन यांची १९७२ सालची पद्धत इतकी वेगवान आहे की कोडमधल्या प्रत्येक बदलानंतर संगणकाने तक्ता नव्याने काढावा आणि नवं चक्र दिसलं तर तो बदल तिथेच अडवावा, हे सहज शक्य आहे.