यंत्रश्वानाचे उत्तरकार्य

खेळण्यातला कुत्रा बिघडला म्हणून कुणी त्याचे उत्तरकार्य करील काय? वाचकहो, हसू नका! सोनी कंपनीने १९९९ साली जपानात ‘आयबो’ हा यंत्राचा कुत्रा काढला. तो शेपूट हलवी, गुलाबी चेंडूमागे जाई. पुढचे आयबो तर हाकेला ओ देत. २००६ साली उत्पादन थांबले, २०१४ साली कंपनीची दुरुस्तीही. मग सोनीतलेच काही जुने तंत्रज्ञ निकामी आयबोंचे सुटे भाग इतरांना बसवू लागले. मात्र भाग काढण्यापूर्वी त्यांना रीतसर निरोप मिळावा, म्हणून २०१५ पासून इसुमीच्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात मंत्रपठण होऊ लागले. २०१८ साली नवा आयबो आला. पण गेला तो गेलाच! आपणही दसऱ्याला शिवणयंत्रावर झेंडूचे फूल वाहतो. मग त्या घरांना वेडे कसे म्हणावे?