दशांशचिन्हाचे राखणदार

वेळेआधी जन्मलेले बाळ अधूनमधून श्वास घ्यायचेच विसरते. मेंदूतले श्वसनाचे केंद्र अजून पुरते तयार झालेले नसते. नवजात अतिदक्षता विभागात त्यावर जे औषध देतात, ते म्हणजे आपल्या कॉफीतले कॅफिन. मोठ्या माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफिन साधारण पाच तासांत निघून जाते. नवजात बाळाला त्यासाठी तीन-चार दिवस लागतात, कारण ते मोडणारी यकृतातली विकरे अजून कामाला लागलेली नसतात. मोठ्यांचा डोस वजनाच्या प्रमाणात लहान केला की झाले, हा हिशेब इथे पहिल्याच पायरीवर कोसळतो.

हे उमगायला मुलांचे जीव खर्ची पडले. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचे पातळ औषध डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले गेले आणि शंभरावर माणसे दगावली. त्यांत मुले बरीच होती. (1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांचा बळी घेणारे द्रव्य हेच. तिथे ते ग्लिसरीनमधल्या भेसळीतून आले होते.) 1959 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलने नवजात बाळे राखाडी पडून का मरतात, याचा उलगडा झाला. पुढे बालरोगतज्ज्ञ हॅरी शर्की यांनी मुलांना औषधोपचारातली अनाथ मंडळी म्हटले, कारण बाजारातल्या बहुतेक औषधांची मुलांवर चाचणीच झालेली नव्हती. कंपन्यांना अशा चाचण्यांसाठी उत्तेजन देणारा कायदा अमेरिकेत 1997 मध्ये आला, सक्ती करणारा 2003 मध्ये.

कायदे आले तरी रोजचे गणित वॉर्डातच करावे लागते. रैनू कौशल आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन शिक्षण-रुग्णालयांतल्या बालरुग्णांसाठी लिहिलेले 10,778 औषध-आदेश तपासल्यावर 616 चुका सापडल्या. इजा होऊ शकली असती अशा चुकांचे प्रमाण प्रौढांच्या तिप्पट होते. त्यांतल्या 94 टक्के चुका, वॉर्डात फार्मसिस्ट हजर असता तर टळल्या असत्या, असे तपासणाऱ्या डॉक्टरांचे मत पडले. पाचच वर्षांनी, 2006 मध्ये, इंडियानापोलिसच्या एका रुग्णालयात एका मिलिलिटरमध्ये 10 युनिट असलेल्या हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) जागी 10,000 युनिटच्या कुप्या कपाटात गेल्या आणि तीन अकाली जन्मलेली बाळे गेली.

म्हणूनच अमेरिकेत फार्म.डी. (औषधशास्त्रातली डॉक्टर पदवी) झाल्यावर बालरुग्णालयात शिकायला जाणाऱ्याने ते ठिकाण काळजीने निवडायला हवे. रेसिडेन्सीचे पहिले वर्ष सर्वसाधारण आणि दुसरे विशेष विषयाचे. बालरोग हा त्या विशेष विषयांपैकी एक. मात्र पहिले वर्षही बालरुग्णालयातच काढता येते, आणि खरा पेच तिथेच पडतो.

फिलाडेल्फियाचे 1855 पासूनचे बालरुग्णालय, सिनसिनाटीचे, ह्यूस्टनचे टेक्सास चिल्ड्रन्स अशा ठिकाणी फार्मसीत येणारा जवळजवळ प्रत्येक आदेश मुलाचाच असतो. विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात मुलांसाठी काही मजले असतात, आणि तिथला फार्मसिस्ट रात्रपाळीत मुले आणि प्रौढ दोन्हीकडे पाहत असू शकतो. मन आधीच ठरले असेल तर पहिला पर्याय सरळ वाटतो. पण विद्यार्थी असताना बालरोग विभागात काढलेल्या चार-सहा आठवड्यांच्या बळावर मन ठरले म्हणणे मला जरा घाईचे वाटते. अशांनी पहिले वर्ष प्रौढांच्या रुग्णालयात घालवावे. शिवाय जन्मजात हृदयदोष किंवा सिस्टिक फायब्रोसिस असलेली मुले आता मोठी होतात आणि त्यातली कित्येक जुन्याच बालरुग्णालयात येत राहतात. त्यांच्याबरोबर रक्तदाब, मधुमेह, गरोदरपणही तिथे पोचते.

मुलाखतीत उमेदवार संशोधन प्रकल्पाबद्दल विचारतात, अध्यापनाच्या प्रमाणपत्राबद्दल विचारतात. शनिवार-रविवारच्या पाळ्यांचा विषय मात्र शिक्षा किती हे जोखण्यापुरताच काढतात. माझ्या मते खरी विद्या त्या पाळ्यांतच असते. बाळाला लागणारे औषध पातळ रूपात मिळतच नाही, तेव्हा गोळी कुटून सस्पेन्शन करावे लागते. रुग्णालयाने ते एका तीव्रतेचे केले आणि घराजवळच्या दुकानाने दुप्पट तीव्रतेचे, तर आई सांगितल्याप्रमाणे एकच मिलिलिटर पाजते आणि डोस दुप्पट जातो. हा घोटाळा वर्गात कळत नाही. बाटलीवरचे लेबल स्वतः वाचून, दुकानदाराला फोन करून, आईच्या हातातली सिरिंज पाहून तो कळतो. शिरेतून द्यायच्या पोषणद्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेटचा साका कधी बसेल, सेफ्ट्रियाक्सोन आणि कॅल्शियम नवजात बाळाला एकत्र का देत नाहीत, हेही रोज हात घातल्याशिवाय अंगी मुरत नाही.

तेव्हा विचारायचे ते असे: मुलाचे हृदय थांबल्याचा पुकारा झाला की रेसिडेंट धावतो का, आणि सोबत कोण असते? चूक झाली तर ती मांडायची कुठे, आणि मांडणाऱ्याचे पुढे काय होते? गेल्या तीन वर्षांतले रेसिडेंट आता कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना जे रुग्णालय घुटमळते, त्याचे नाव कितीही मोठे असो, मी ते यादीत खाली ढकलेन.

ही यादी लागते ती रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या 'मॅच'साठी. उमेदवार रुग्णालयांचा क्रम लावतो, रुग्णालये उमेदवारांचा, आणि मार्चमध्ये संगणक जोड्या जुळवतो. यामागचे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांच्या 1962 च्या निबंधातले आहे, आणि त्या निबंधात विषय होता महाविद्यालयीन प्रवेश आणि लग्ने. शॅप्ली आणि ऑल्विन रॉथ यांना 2012 चे अर्थशास्त्राचे नोबेल याच कामासाठी मिळाले. या पद्धतीत उमेदवाराने चलाखी करून काही साधत नाही. मनातला खरा क्रम लिहिणेच फायद्याचे. तरीही 'ते मला घेणार नाहीत' म्हणून आवडते ठिकाण खाली टाकणारे दरवर्षी निघतात.

पैशाची गोष्ट थोडक्यात: रेसिडेंटचे वेतन नोकरीतल्या फार्मसिस्टच्या निम्म्याहूनही कमी असते आणि आठवड्याचे काम सरासरी ऐंशी तासांपर्यंत जाऊ शकते.

आपल्याकडून जाऊ पाहणाऱ्यांपुढची अडचण वेगळी आहे. परदेशी पदवीधराला आधी अमेरिकेच्या फार्मसी मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. 2003 पासून उत्तीर्ण झालेल्यांना त्याच्या परीक्षेसाठी किमान पाच वर्षांची पदवी लागते. आपली बी.फार्म. चार वर्षांची, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या हजारो पदवीधरांना ती वाट थेट बंद आहे. 2008 मध्ये भारतात सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म.डी. त्या अटीत बसतो, आणि त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयातच जाते. ते वर्ष बालरोग विभागात जास्तीत जास्त मिळेल असे महाविद्यालय निवडणे, हा अमेरिकेतल्या यादीच्या कितीतरी आधी करायचा निर्णय आहे.